चुन्यातली नीळ

एक किलो चुन्याला ३ ग्रॅमपर्यंत नीळ. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या नियमपुस्तकात सफेदीसाठी हे प्रमाण दिलेलं आहे. चुना विरवायचा, गाळायचा, त्यात चिकटपणासाठी डिंक घालायचा आणि मग पाण्यात कालवलेली नीळ टाकून ढवळत राहायचं. सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या घरी माय हेच करायची. तिला ग्रॅम कोणी सांगितले नव्हते. निळीची पूड जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ती पुरचुंडी पाण्यात हलवायची, पाण्याचा रंग डोळ्याला पटला की ते पाणी चुन्याच्या घमेल्यात ओतायची. डिंकाच्या जागी तांदळाची पेज, आणि मूठभर मीठ. मी विचारलं होतं, पांढऱ्यात निळं कशाला? ती म्हणाली, "चुना वाळला का पिवळा दिसते, बाई. निळीनं तो आवरते."

पुढे शाळेत मुलांना रंग शिकवताना मला तिच्या बोलण्यातलं शास्त्र उलगडलं. चुन्याच्या पांढऱ्यात थोडा पिवळेपणा असतो. निळा रंग तो पिवळेपणा खाऊन टाकतो आणि डोळ्याला भिंत अधिक पांढरी वाटते. मायनं ते शास्त्र हाताने ओळखलं होतं.

चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या झाडीपट्टीत घराच्या भिंतीला दोनच रंगांची खरी परंपरा आहे, एक मातीचा आणि एक निळीचा. आज रंगाच्या दुकानात कोणता उबदार आणि कोणता थंड अशी चर्चा चालते. आमच्याकडे ही निवड फार काळ वेगळ्याच गोष्टींवर झाली. माती विकत घ्यावी लागत नव्हती, पण तिचा सगळा भार बाईच्या अंगावर होता. नीळ विकत घ्यावी लागायची. तिला पैसा लागायचा, आणि पैसा हातात येणं म्हणजे काय हे ज्यांच्या हातात तो कधी नव्हता त्यांनाच कळेल. हा इतिहास कुठे लिहिलेला मी पाहिला नाही. जे पाहिलं, ऐकलं, वाचून ताडलं ते इथे मांडते.

मातीपासून सुरुवात करायची तर आधी या दोन जिल्ह्यांची माती पाहिली पाहिजे. पश्चिमेला वरोरा, भद्रावती, राजुरा इकडे काळी माती, कापसाचं रान. तिथे घराचा कुड पऱ्हाटीच्या काड्यांचा. वैनगंगेकडे सरकलं की धानाचा मुलूख लागतो आणि मातीची नावंही बदलतात. कन्हार, मोरांड, खरडी, सिहार ही नावं शेतकरी धानाच्या हिशेबाने वापरतो, पण घरची बाई तीच माती भिंतीच्या हिशेबाने ओळखते. कोणती भेगाळते, कोणती धरते, कोणती वाळल्यावर उजळते हे तिला ठाऊक असतं. इकडे कुड बांबूचा. बांबूच्या तट्ट्यावर दोन्ही बाजूंनी धानाचा कोंडा आणि शेण मिसळलेला गारा थापायचा, वाळू द्यायचा, पुन्हा बारीक मातीने लिंपायचा. वर कवेलू. आणखी पुढे, भामरागड-एटापल्लीकडे माडियांच्या घरांना बहुतेक तेवढंच, माती लिंपलेला बांबू, वेगळा रंग नाहीच. भिंतीचा रंग म्हणजे गावच्या मातीचा रंग.

कोरची-कुरखेड्याकडे, छत्तीसगडच्या सीमेला, याच्यावर छुईचा हात फिरतो. छुई म्हणजे पांढरी, मऊ, हाताला पिठासारखी लागणारी माती. ती खणून आणायची, रात्रभर भिजवायची, खडे खाली बसले की वरची निवळ काढून कापडाच्या बोळ्याने भिंतीवर फिरवायची. वाळल्यावर भिंत सायीच्या रंगाची होते. खाली हातभर गेरूचा पट्टा, कुठे जळलेल्या तणसाच्या राखेचा काळा पट्टा. गेरू म्हणजे लोहाची माती, आणि लोहाला आमच्याकडे तोटा नाही. लोहारा, पिंपळगाव, सुरजागड हे सगळे लोहखनिजाचे डोंगर. आज ज्या सुरजागडाच्या खनिजाने भरलेले ट्रक रस्ते खणत जातात, त्याच जातीच्या तांबड्या मातीने आमच्या दाराच्या चौकटी रंगल्या होत्या.

हा सगळा रंग बाईचा. पुरुष कुड बांधतो, छत शाकारतो. भिंतीला हात लावते ती बाई. पाऊस संपला की भिंती उकललेल्या असतात, म्हणून दिवाळीआधी पूर्ण घर. चुलीपाशी तर दर आठ-पंधरा दिवसांनी, कारण धूर. मातीचं टोपलं डोक्यावर घेऊन तळ्याच्या पाळीवरून किंवा खाणीवरून घरी यायचं. फुकटच्या रंगाची किंमत काय असते हे छत्तीसगडकडून येणाऱ्या बातम्यांत कळतं. डिसेंबर २०२२ मध्ये जगदलपूरजवळ मालगावला छुईची खाण ढासळून खाली माती काढणारी माणसं दबून मेली, त्यांत बहुतेक बायका. हे मी मुद्दाम लिहिते. मातीच्या घराचं कौतुक करणारे फोटो मला दाखवतात तेव्हा त्या भिंतीमागचा हात आणि त्या हातामागची खाण मला आधी दिसते.

चुना वेगळा. चुना आमच्याकडे राजाचा होता. बल्लारपूर सोडून खांडक्या बल्लाळशहाने चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, वसवलं, पुढच्या गोंड राजांनी त्याला परकोट बांधला. जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे त्याचे दरवाजे आजही शहराची दिशा सांगतात. राणी हिराईने नवऱ्यासाठी, बीरशहासाठी, समाधी बांधली. या सगळ्या दगडांना धरून ठेवणारा चुना याच मुलखातला. राजुरा-कोरपन्याकडे चुनखडीचा खडक जमिनीखाली पसरलेला आहे, आणि काळ्या शेतांत, नदीकाठी चुन्याचे कंकर नांगराला लागतात. ते गोळा करून भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजले की कळीचा चुना होतो. कळीवर पाणी पडलं की ती फसफसते, उकळते, फुटते. लहान मुलांना त्या खड्ड्यापासून लांब ठेवायचे, डोळे जातात म्हणून. तो पांढरा लगदा भिंतीवर चढला की हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. चुन्याची भिंत म्हणजे दगडाचं पातळ कातडं. त्यात किडा-मुंगी टिकत नाही, रोगराई कमी राहते. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी घेतलं, १८६७ मध्ये चांद्याला नगरपालिका झाली, आणि तुरुंग, दवाखाना, कचेरी, शाळा, जंगलातले डाकबंगले सगळे चुन्याने पांढरे झाले. पांढरी भिंत म्हणजे सरकार, ही ओळख तेव्हा पडली.

गावात चुना होता तो मालगुजाराच्या वाड्याला. मध्यप्रांतात गावाचा वसूल मालगुजाराकडे असे. आज ज्यांना मामा तलाव म्हणतात ते माजी मालगुजारी तलाव त्या काळाचे साक्षीदार आहेत. माझी आजी अशाच एका तलावाच्या पोटातली माती वाड्यावर नेऊन टाकायची. वाड्याचं बाहेरचं आवार, गुरांचा गोठा, मागची भिंत हे लिंपायचं काम आमच्या वस्तीतल्या बायकांकडे. आत जायची मुभा नव्हती. आम्ही महार. माती आमच्या हातची चालत होती, पण त्या हातांनी उंबरा ओलांडायचा नव्हता. आतल्या चुन्याचं काम दुसऱ्या जातीचे लोक करत. वाड्याच्या आत भिंतीचा रंग कोणता होता हे आजीला कधी ठाऊक नव्हतं. तिच्या स्वतःच्या घराला जो रंग होता तो वाड्याच्या गोठ्याला होता, एकाच टोपल्यातला. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. वाडा तसाच राहिला, आणि चुनाही बरीच वर्षं तिथेच राहिला.

आता निळीकडे येते. आमच्या आठवडी बाजारात मिठा-मिरचीच्या शेजारी जी निळीची पुडी मिळायची, ती झाडाची नीळ नव्हती. चंपारणच्या शेतकऱ्यांना ज्या पिकाने पिळलं ते वेगळं. ही नीळ कारखान्यातली, आणि तिचा जन्म मोठ्या नवलाचा आहे. शतकानुशतकं उत्तम निळा रंग मिळायचा तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडाची पूड करून, आणि तो सोन्याच्या तोलाने विकला जायचा. युरोपचे चित्रकार तो बहुतेक देवांच्या वस्त्रांसाठी राखून ठेवत. १८२४ मध्ये फ्रान्समधल्या एका उद्योग-प्रोत्साहन संस्थेने जाहीर केलं की हा निळा रंग स्वस्तात बनवून दाखवेल त्याला ६००० फ्रँकचं बक्षीस. १८२८ मध्ये ते ज्याँ-बाप्तिस्त गिमे या माणसाला मिळालं. त्याच वर्षी जर्मनीत ट्यूबिंगेनच्या ग्मेलिन नावाच्या प्राध्यापकानेही आपली कृती छापली. कृती कशाची? चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भट्टीत भाजायचे. राजांच्या आणि देवांच्या अंगावरचा रंग असा माती-कोळशातून निघाला आणि काही दशकांत धोब्याच्या हाती आला. इंग्लंडमध्ये हल शहरात रेकिट कंपनी कपड्याची नीळ बनवू लागली आणि तिच्या पुड्या जगभर गेल्या. रॉबिन नीळ आमच्या घराघरात पोचली ती त्याच घराण्यातली.

पण कोणतीही निळी पूड चुन्यात टाकून चालत नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये आणखी एक निळा रंग सापडला होता, प्रशियन निळा. तो कागदावर, कापडावर सुंदर दिसतो. चुन्यात मात्र तो मरतो, चुन्याच्या क्षारपणाने त्यातलं लोह सुटतं आणि भिंत गंजासारखी तांबूस होते. गिमेचा निळा चुन्यात टिकतो. त्याला आंबट मानवत नाही, लिंबाच्या रसाने तो उडतो, पण चुना त्याला मानवतो. ही एक रासायनिक गोष्ट नसती तर आमच्या गावांचा रंग वेगळा झाला असता.

चिमूटभर नीळ पांढऱ्याला पांढरं करते. मूठभर टाकली तर भिंत निळी होते. ही मूठ कधी वाढली?

आमच्या वस्तीपुरतं मी सांगू शकते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि दिली. दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, ते चांद्याला आले आणि इथेही हजारो माणसांनी दीक्षा घेतली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे चांद्याचेच, त्यांच्या पुढाकाराने तो सोहळा झाला. आमच्या गावची माणसं सिंदेवाहीहून छोट्या लाइनीच्या गाडीने चांदा फोर्टला गेली, काही बंडीने, काही पायी. माझे बाबा त्यांत होते. ते सांगायचे की परत आल्यावर पहिलं काम भिंतीवरचं झालं. कोनाड्यातले जुने देव उतरले. ते जिथे होते तिथे तेलाचे, शेंदराचे, धुराचे डाग राहिले. डागांवर मातीचा हात देऊन भागेना, तेल वर यायचं. म्हणून बाबांनी चुना आणला, बाजारातून विकत. आमच्या घरात आलेला तो पहिला चुना. आणि मायनं त्यात नीळ टाकली, या वेळी चिमूट नव्हे.

निळा रंग तोपर्यंत आमचा झाला होता. १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली, तिचा झेंडा निळा. पुढे रिपब्लिकन पक्षानेही तोच घेतला. आकाशाखाली सगळे सारखे, म्हणून निळा, असं आम्हाला लहानपणी सांगत. कोणी दुसरं कारण सांगतं. मला कारणांपेक्षा भिंत आठवते. समोर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, मागे निळी भिंत, खाली अजूनही शेणाने सारवलेली जमीन. पावसात चुना सुटायचा आणि अंगावर निळे डाग पडायचे, शाळेत इतर पोरी त्यावरून आमची वस्ती ओळखायच्या. तो डाग माझ्या फ्रॉकवर असायचा आणि मी तो झाकत नव्हते. मायनं तसं बजावलं होतं.

निळी भिंत म्हणजे फक्त बौद्धांची, असं मात्र म्हणता येत नाही. गोंडांच्या, कुणब्यांच्या, तेल्यांच्या, ढिवरांच्या घरांतही नीळ आहे. कुणाला विचारलं तर म्हणतात डास कमी बसतात, कुणी म्हणतं उन्हाळ्यात बरं वाटतं, कुणी म्हणतं लग्न होतं म्हणून केलं. लग्नाचं कारण सगळ्यात खरं वाटतं. झाडीपट्टीत लग्न निघालं की घराला चुना हवाच, दाराच्या दोन्ही अंगांना नवरा-नवरीची नावं रंगाने लिहायची, आणि पांढऱ्या भिंतीवर पांढरं मांडव-तोरण उठून दिसत नाही. निळ्यावर ते उठतं. शिवाय त्या काळात दुकानात जे दोन-तीन रंग पुडीत मिळत त्यांत पिवडी, गेरू आणि नीळ. पिवडी आणि गेरू ही मातीच, ती गावाभोवती फुकट पडलेली. मग पैसे टाकून माती कोण घेणार? पैसे टाकायचेच तर जे मातीत मिळत नाही ते घ्यायचं, आणि मातीत निळा मिळत नाही. तेंदूपत्त्याचा हंगाम संपला, मोहाची फुलं विकली, चार रुपये हातात आले, की त्यातून पुडीभर आकाश घरात यायचं. मला वाटतं निळीच्या भिंतीचं खरं कारण यात आहे. ती पहिली अशी गोष्ट होती जी भिंतीवर हौसेने आली.

थंडाव्याचं मात्र तपासून पाहिलं पाहिजे, कारण चंद्रपूरचं ऊन ही थट्टा नाही. मेमध्ये पारा ४५ च्या वर राहतो, कधी ४८ ला टेकतो. अशा मुलखात निळी खोली थंड असते असं सगळे बोलतात. खोलीचं तापमान आतल्या रंगाने उतरत नाही. ऊन परतवण्याचं काम छपराचं आणि बाहेरच्या भिंतीचं, आणि तिथे पांढरा चुना सगळ्यात उत्तम. बाहेरून नीळ फासली तर भिंत पांढऱ्यापेक्षा थोडं अधिक ऊन पिते. मातीची जाड भिंत दिवसा उशिरा तापते, तिथे खरा गारवा. पण उन्हातून आलेल्या माणसाच्या डोळ्याला निळं काहीतरी देतं हे मी नाकारत नाही. मार्चपासून जूनपर्यंत बाहेर सगळं करडं, तपकिरी, जळलेलं असतं. पानगळीचं जंगल हे. तेव्हा घरात पाय टाकताच दिसलेला निळा, तो डोळ्याला पाणी दिल्यासारखा आहे.

चंद्रपूर शहरात रंगाची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, १९८० च्या दशकात दुर्गापूरला आलेलं वीज केंद्र, घुग्घुस-गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने. या सगळ्यांच्या कॉलन्या झाल्या, आणि कॉलनीत डिस्टेंपर आला. क्रीम, बदामी, हलका पिस्ता, स्काय ब्लू. कंपन्यांचा ऑइलपेंट तर आमच्या खेड्यात भिंतीआधी बैलांच्या शिंगांवर आला होता, पोळ्याच्या दिवशी, लहान डब्यांतून. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला एशियन पेंट्सचा तो ब्रशवाला पोरगा, गट्टू, दुकानाच्या पाटीवरून आम्हा सगळ्या मुलांना ओळखीचा होता.

कॉलनीत जिंकला तो बदामी. त्याचं कारण धूळ. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची मोजणी केली तेव्हा चंद्रपूर चौथ्या नंबरावर होतं. घुग्घुसला किंवा दुर्गापूरला राहिलेल्या कुठल्याही बाईला ते आकडे नकोत. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. पांढरी भिंत तिथे एका उन्हाळ्यात राखाडी होते. फिकट निळी तर अधिक वाईट, ती मळकट दिसते, पंख्याच्या वरच्या कोपऱ्यात काजळीची रेघ उठून दिसते. बदामी ते पोटात घेतो. रंगारी लोक घुग्घुसकडे हेच सुचवतात आणि बरोबर सुचवतात. उबदार रंग तिथे आवडीने आला असं मी म्हणणार नाही, तो धुळीने आणला.

आता ताडोब्याकडे पाहा. १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. मोहर्ली, कोलारा या प्रवेशद्वारांभोवती गेल्या काही वर्षांत रिसॉर्ट उभे राहिले. त्यांच्या भिंती मातीच्या रंगाच्या. काही ठिकाणी सिमेंटवर कोंडा मिसळलेल्या लेपाचा भास देतात, खाली गेरूचा पट्टाही असतो, आदिवासी घराची आठवण म्हणून. मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे त्यापुढे उभे राहून फोटो काढतात. त्याच रस्त्यावर गावात घरं निळी, गुलाबी, पोपटी. एका पाहुणीने मला तिथे विचारलं, गावकऱ्यांनी आपली सुंदर माती सोडून हे भडक रंग का घेतले? मी तिला आजीची गोष्ट सांगितली, टोपल्याची आणि उंबऱ्याची. ती ऐकून घेत होती, हे चांगलं. मातीचा रंग सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण ज्याला तो सोडता येत नव्हता त्याने आधी तो सोडून पाहायचाच होता. सोडल्यानंतर परत निवडणं ही निराळी गोष्ट आहे.

माझ्या मुलाने चंद्रपुरात फ्लॅट घेतला तेव्हा घरात हीच चर्चा झाली. शेडकार्डावर शेकडो चौकोन, दुकानात मशीनवर हवी ती छटा कालवून देतात. सूनबाईला वाळूच्या, सायीच्या जवळचे रंग हवे होते. तिचं म्हणणं, दिवसभर संगणकाच्या निळ्या उजेडात बसते, घरी तरी डोळे उबेत असावेत. मुलाला निळा हवा होता, निदान एका भिंतीला. मला विचारलं. मी दोघांना दोन्ही रंगांचा इतिहास सांगितला आणि निवड त्यांच्यावर सोडली. भिंतीला लांबी भरून झाली, प्रायमर झाला, आणि शेवटी बैठकीच्या एका भिंतीला गडद निळा, बाकी घराला तो सायीचा रंग. तसबिरी निळ्या भिंतीवर लागल्या. सूनबाईचा सायीचा रंग पाहून मला कुरखेड्याची छुई आठवली आणि मी तिला तसं म्हटलंही. तिने मला छुई दाखवायला सांगितलं, म्हणून एका दिवाळीआधी आम्ही कोरचीकडे गेलो, माझ्या जुन्या शाळेतल्या सहशिक्षिकेच्या गावी.

तिथे जे दिसलं ते लिहिण्यासारखं आहे. गावात बरीच घरकुलं झाली आहेत, प्रधानमंत्री आवासची, शबरीची. २५ चौरस मीटरचं पक्कं घर, विटा, सिमेंटचा गिलावा. ज्या चुनखडीच्या पट्ट्यातून पूर्वी चुना यायचा तोच दगड आज राजुरा-कोरपन्यात सिमेंट होऊन पोत्यांतून इकडे पोचतो. आणि सिमेंटला माती धरत नाही. मातीची भिंत ओली होते, श्वास घेते, नवा लेप जुन्यात मिसळतो. सिमेंटच्या गुळगुळीत गिलाव्यावर छुईचा हात दिला की पहिल्या उन्हात पापुद्रे सुटतात. बायकांनी करून पाहिलं आहे. कुणी गिलावा खरवडून पाहिला, कुणी छुईत फेव्हिकोल मिसळून पाहिला. म्हणजे पक्क्या घरात मातीचा रंग हवा असेल तर तोही आता डब्यातूनच घ्यावा लागतो. चुना मात्र सिमेंटवर बसतो, भिंत आधी नीट ओली केली तर. पण कळीचा चुना त्या बाजारात आता सहज मिळत नाही. जे मिळतं ते पाकिटातलं, आणि त्याला भट्टीच्या चुन्याची पकड नसते.

सहशिक्षिकेच्या शेजारणीचं घरकुल पुढून निळं होतं, डिस्टेंपरचं, मुलाच्या लग्नात केलेलं. मागे तिने जुन्या घराची एक मातीची खोली पाडू दिली नव्हती, स्वयंपाकासाठी. तिला गॅस आहे, तरी भात आणि भाकरी चुलीवर. त्या खोलीला आदल्या दिवशीच छुईचा हात दिलेला, अजून ओलसर, आणि खाली गेरूचा पट्टा सरळ रेघेत. सूनबाईने विचारलं, "काकू, एकच रंग घ्यायचा म्हटलं तर कोणता घ्याल?"

"समोर निळाच पाहिजे जी," ती म्हणाली. "पाव्हणा आला का तिथंच बसते. मागं मात्र छुई. धूर डिस्टेंपरवर बसला का तसाच रायते, घासला का रंग निंगते. छुई पंधरा दिसानं नवी करता येते, पैसा लागत नाई." मग तिने टोपल्यात उरलेली छुई दाखवली आणि सूनबाईचा हात धरून त्यात घातला, ती किती बारीक आहे ते कळावं म्हणून.